पळपुटा कोण, कॅप्टन कोण? उमेदवाराचं लष्करी रेकॉर्ड बघून मत द्यायचं का?

उणे वीस अंश

परवा इथे फोरमवर 'कोथरूडचा वाघ' यांनी अमेरिकेच्या २०२४ च्या निवडणुकीतल्या डेमोक्रॅटिक उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराबद्दल लिहिलं होतं : "टिम वॉल्झ पळपुटा आहे, इराकला जायची वेळ आली तेव्हा घरी बसला. अमेरिकेत उमेदवाराचं लष्करी रेकॉर्ड खणून काढतात. आपल्याकडेही दोन वर्षं सैन्यात काढल्याशिवाय फॉर्म भरू देता कामा नये." खाली 'जय हिंद'ची रांग. दोन दिवस गप्प बसले, पण चकलीबरोबर हे काही गिळलं गेलं नाही. म्हणून वेगळा धागा.

मी मिनेसोटात राहते. ग्रीन कार्ड आहे, मत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ ला कोण निवडून येतं याने माझ्या कागदपत्रांच्या कटकटी काही संपणार नाहीत, तेव्हा मला कोणाची वकिली करायची नाही. पण वॉल्झ आमचे गव्हर्नर, ऑगस्टपासून रोज हेच ऐकतेय. १९८१ साली सतराव्या वर्षी नॅशनल गार्डमध्ये (म्हणजे राज्याच्या राखीव सैन्यात) भरती. २४ वर्षं नोकरी. फेब्रुवारी २००५ मध्ये काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, उमेदवारीचे कागद भरले, मे मध्ये निवृत्ती घेतली. बटालियनला तयारीचा हुकूम आला जुलैमध्ये, ती निघाली २००६ मध्ये. हो, 'दोन वर्षांत जावं लागू शकतं' हे मार्चमध्येच जाहीर झालं होतं, तेवढी फट टीकाकारांना आहे. पण त्या फटीतून २४ वर्षं ओतून द्यायची?

समोर कोण आहे? रिपब्लिकन उपाध्यक्षपदाचा उमेदवार व्हान्स. चार वर्षं मरीनमध्ये, त्यातले सुमारे सहा महिने इराकमध्ये, काम बातम्या लिहायचं आणि फोटो काढायचं. त्यात कमीपणा नाही, पण तो दुसऱ्याला भित्रा म्हणतोय. आणि त्याचे साहेब, ट्रम्प? व्हिएतनामच्या वेळी सक्तीच्या भरतीतून चार सवलती कॉलेजच्या नावावर, पाचवी टाचेच्या हाडाच्या.

आता 'अमेरिकेत रेकॉर्ड बघतात' याबद्दल. २००४ आठवा. डेमोक्रॅट उमेदवार जॉन केरीकडे सिल्व्हर स्टार, ब्राँझ स्टार, तीन पर्पल हार्ट (हे जखमी झाल्याबद्दलचं पदक). बुश व्हिएतनामला गेलेच नाहीत, टेक्सासच्या एअर नॅशनल गार्डमध्ये होते. आणि प्रश्न कोणाला विचारले गेले? केरीला! स्विफ्ट बोटवाल्यांनी (व्हिएतनाममध्ये नौदलाच्या त्या बोटींवर असलेल्या माजी सैनिकांच्या गटाने) त्याच्याविरुद्ध जाहिराती केल्या, त्यातले बहुतेक त्याच्या बोटीवर कधी नव्हतेच. न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन अधिवेशनात लोक हनुवटीवर जांभळा बदाम काढलेली बँड-एड चिकटवून फिरत होते. त्याच्या जखमांची टिंगल म्हणून. २००२ मध्ये जॉर्जियाचे सिनेटर मॅक्स क्लेलंड निवडणुकीत पडले. दोन्ही पाय आणि उजवा हात व्हिएतनाममध्ये गमावलेला माणूस, आणि त्याच्यावर जाहिरात काय, तर देशाच्या सुरक्षेबाबत ढिला. ज्यांनी पाडलं ते गुडघ्याच्या कारणाने सैन्यात गेलेच नव्हते. स्विफ्ट बोट मोहिमेतला क्रिस लासिविता २०२४ मध्ये ट्रम्पची मोहीम सांभाळणाऱ्यांत होता.

रेकॉर्ड कोणी बघत नाही, वाघसाहेब. ज्याच्याकडे ते आहे त्याच्याच डोक्यात घालायला वापरतात.

कोथरूडचा वाघ

ताई, एवढं लिहिलंत आणि मुख्य गोष्ट शिताफीने गाळलीत. वॉल्झ २०१८ मध्ये कॅमेऱ्यासमोर म्हणाला की 'युद्धात मी बाळगलेली शस्त्रं' नागरिकांच्या हातात नकोत. कुठलं युद्ध? २००३ मध्ये इटलीत होता. इटलीत! नंतर विचारलं तर म्हणे माझं व्याकरण कच्चं आहे. आणि हुद्दा? 'निवृत्त कमांड सार्जंट मेजर' म्हणून मिरवायचा, कागदोपत्री निवृत्ती एक पायरी खालची, मास्टर सार्जंट म्हणून. मोहिमेला वेबसाइटवरचा मजकूर बदलावा लागला. आपल्या गावात कोणी असं केलं असतं तर?

बाकी आमच्याकडच्या उमेदवारांचं रेकॉर्ड म्हणजे दहीहंडीचे थर आणि वाढदिवसाचे फ्लेक्स. परवा आमच्या चौकात एका फ्लेक्सने सिग्नल झाकला. अक्षरशः सिग्नल! तक्रार केली तर म्हणाले आचारसंहिता आहे, वरच्या साहेबांना विचारा. त्यापेक्षा दोन वर्षं परेड केलेला बरा. शिस्त तरी असेल.

जुना हवालदार, सातारा

मी ८२ ला बेळगावला भरती झालो, २००६ ला पेन्शन आलो. म्हणजे २४ वर्षं मीही केली. त्या माणसाला पळपुटा म्हणायच्या आधी दोन गोष्टी ऐका.

हुद्द्याचं आधी. त्याला वरचा हुद्दा मिळाला होता, त्याने तो चालवलाही. पण त्या हुद्द्याचा कोर्स पुरा केला नाही म्हणून पेन्शनला खालचा धरला. ही सरकारी कागदाची गोष्ट झाली, आमच्यात पण असली प्रकरणं ढिगाने. मात्र 'युद्धात' म्हणाला ते चूकच. तिथं मी वाघाच्या बाजूचा. जो गेला नाही त्याने गेलो म्हणू नये. जे गेले आणि आले नाहीत त्यांची नावं आमच्या गावच्या दगडावर आहेत, त्यांच्यासमोर उभं राहून बोलून दाखवावं.

आता दोन वर्षं परेडचं. वाघसाहेब, दोन वर्षांत पोरगं सावधान-विश्राम शिकतं. फ्लेक्स लावायचा नाही हे शिकायला परेड लागत नाही.

मागच्या एका निवडणुकीत आम्हा माजी सैनिकांना स्टेजवर बसवलं होतं. उमेदवाराचं नाव नको. फेटा, एक मिसळ-पाव आणि पाण्याची बाटली. माझ्या शेजारी एक जण सहा मेडल लावून बसला, लोक त्याच्या पाया पडत होते. मी बघितलं : एक स्वातंत्र्याच्या पन्नाशीचं, जे १५ ऑगस्ट १९९७ ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना मिळालं, स्वयंपाक्यापासून जनरलपर्यंत. एक नऊ वर्षं सेवेचं, एक वीस वर्षांचं. एक उंचावरच्या ठाण्याचं. आणि दोन चक्क त्याच्या वडिलांची! वडिलांची मेडल उजव्या छातीवर लावतात, ह्याने सगळी डावीकडे ओळीने. उमेदवार माइकवर म्हणाला, 'सहा शौर्यपदकांचे मानकरी.' मी खाली मान घालून मिसळ खाल्ली. तेव्हा बोललो नाही, ते अजून सलतंय.

तुम्ही लोकांना रेकॉर्ड बघा म्हणता. लोकांना छाती वाचता येते का आधी?

कॉफीहाऊसचा कट्टेकरी

हवालदार काका, सलाम. आता अमेरिकेतून जरा पटियालाला या.

२०१७, पंजाब. एका बाजूला कॅप्टन अमरिंदर सिंग, काँग्रेस. दुसऱ्या बाजूला अकाली दलाचे जनरल जे. जे. सिंग, माजी लष्करप्रमुख, १९९१ मध्ये काश्मीरात गंभीर जखमी झालेले, आणि काकांना सांगायला नको, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे. अमरिंदर यांची फौजेतली नोकरी किती? १९६३ ला शीख रेजिमेंटमध्ये, ६५ च्या सुरुवातीला राजीनामा, युद्ध लागल्यावर परत, ६६ मध्ये कायमचा रामराम. वाघसाहेबांच्या नियमाने तर जनरल बिनविरोध यायला हवे होते. जनरल तिसरे आले, डिपॉझिट गेलं. आणि पाच वर्षांनी त्याच पटियालात कॅप्टनही पडले.

इथे पुण्यात कलमाडी हवाई दलातले वैमानिक होते. त्यांना मत देताना किती जणांनी विमान आठवलं आणि किती जणांनी मॅरेथॉन? उलट १९६२ मध्ये चीनने धुतल्यावर नेहरूंनी संरक्षणमंत्री म्हणून बोलावलं ते यशवंतरावांना. बंदूक कधी खांद्याला लावली नव्हती. ७१ चं युद्ध झालं तेव्हा त्या खात्यात जगजीवनराम. ते कुठल्या रेजिमेंटचे?

उमेदवारी अर्जासोबतच्या २६ नंबरच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे विचारतात, मालमत्ता विचारतात, शिक्षण विचारतात. लष्करी सेवेचा रकानाच नाही, आणि नाही तेच बरं.

कोथरूडचा वाघ

म्हणूनच तर देशाची ही अवस्था! २०१९ ला तेजबहादूर यादव नावाच्या जवानाचा वाराणसीत अर्जच उडवला होता. एक फौजी पंतप्रधानांसमोर उभा राहतो म्हटल्यावर सगळ्यांची तंतरली. का?

जुना हवालदार, सातारा

तो बीएसएफचा. बीएसएफ म्हणजे फौज नव्हे, गृहखात्याखालचं दल. बडतर्फ झालेला होता, भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी काढलेलं नाही असा आयोगाचा दाखला जोडायचा असतो, तो नव्हता. पुढे सुप्रीम कोर्टानेही फेटाळलं. आधी दल कुठलं ते तरी बघून या, मग देशाची अवस्था काढा.

सुभेदाराची लेक

मूळ विषय बाजूला राहिला तरी चालेल, पण हुद्द्यावरून निघालंच आहे तर मला बोलायचंय.

माझे वडील शिपाई म्हणून लागले, सुभेदार झाले, निवृत्तीच्या सुमारास २६ जानेवारीच्या यादीत मानद कॅप्टन म्हणून नाव आलं. २८ वर्षांनंतर. आम्ही नव्या सोसायटीत राहायला गेलो तेव्हा खालच्या पाटीवर पेंटरने 'कॅप्टन' लिहिलं. आठवड्याने सेक्रेटरींनी ते खरवडून घेतलं. कारण काय, तर तळमजल्यावर 'खरे' कॅप्टन राहतात, पत्रांचा घोटाळा होतो. हे खरे कॅप्टन मर्चंट नेव्हीतले निघाले! बाबा काही बोलले नाहीत. लक्ष्मी रोडवर जाऊन पितळेची पाटी करून आणली, आमच्या दारापुरती. दर रविवारी ब्रासो लावून फडक्याने घासायचे. शेवटी शेवटी अक्षरांच्या कडा झिजून गेल्या होत्या.

आणि दोन-अडीच वर्षं नोकरी केलेल्या राजाला अख्खा पंजाब पन्नास वर्षं नुसतं 'कॅप्टन' म्हणतो. तिथे नाही कोणी खरवडत.

कोथरूडचा वाघ

तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे, पण मानद म्हणजे मानदच ना? वॉल्झला एक न्याय आणि इथे दुसरा कसा?

सुभेदाराची लेक

आदर आहे म्हणायचं आणि पुढच्याच श्वासात 'पण'. तुम्ही कुठल्या रेजिमेंटचे, वाघ? की नुसते कोथरूडचे?

जुना हवालदार, सातारा

वाघसाहेब, शब्द मागे घ्या. मानद कॅप्टन वाटेल त्याला मिळत नाही. शेकडो सुभेदारांतून मोजक्यांना मिळतं. ज्याला मिळतं त्याने ते राष्ट्रपतींच्या सहीने घेतलेलं असतं, पेंटरच्या ब्रशने नाही.

डेकवरून

आमचा काय संबंध हो? मी मर्चंट नेव्हीत मास्टर आहे. तो परवाना मिळवायला परीक्षा आणि समुद्रावरची वर्षं लागतात, जहाजावर शेवटचा शब्द माझा असतो. 'खरे' असं अवतरणात का टाकता? सोसायटीचा सेक्रेटरी बावळट होता म्हणून आम्ही खोटे?

सुभेदाराची लेक

तुम्हाला खोटं म्हटलं नाही. तळमजल्यावरचे काका फार चांगले होते, बाबांच्या अंत्ययात्रेत पुढे तेच होते. पाटी त्यांनी खरवडायला सांगितली नव्हती, हे त्यांनाही नंतरच कळलं. अवतरण सेक्रेटरीसाठी होतं.

कॉफीहाऊसचा कट्टेकरी

'निवृत्त कर्नल अमुक' असं पेपरवाले छापतात तेही चूक. 'कर्नल अमुक (निवृत्त)' असं हवं. माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही. आमच्या वॉर्डातल्या एका पॅम्फ्लेटवर 'माजी कॅप्टन' आहे. चौकशी केली तर क्रिकेट टीमचा निघाला!

उणे वीस अंश

मी वॉल्झबद्दल लिहिलं होतं आणि आपण ब्रासोपर्यंत आलो. असो. हवालदार काकांचं एक मान्य करते. 'युद्धात' हा शब्द मी गाळला, कारण तो मला अडचणीचा होता. नवरा दोन महिने हेच सांगत होता, त्याला हे दाखवणार नाहीये.

पण वाघसाहेब, निवडणूक आयोगाने ९ मार्च २०१९ ला पक्षांना परत बजावलं होतं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका. डिसेंबर २०१३ मधलीच सूचना पुन्हा. तरी अभिनंदनचे फ्लेक्स लागलेच. ज्या पक्षाला सैन्याचा फोटो हवा असतो त्याला सैनिक हवा असतो असं तुम्हाला खरंच वाटतं?

कोथरूडचा वाघ

बरं. दोन वर्षांची अट मागे घेतो. तुम्ही सगळे मिळून अंगावर आलात म्हणून नाही, पटियालाचं मला माहीत नव्हतं म्हणून. सुभेदारांच्या लेकीची माफी मागतो, तो प्रश्न मी विचारायला नको होता. माझे आजोबा रेल्वेत होते, मी स्वतः एनसीसीच्या कॅम्पमधून तिसऱ्या दिवशी ताप आला म्हणून घरी आलो होतो. घ्या, झालं समाधान? वॉल्झ मात्र पळपुटाच.

सुभेदाराची लेक

ताप किती होता?

जुना हवालदार, सातारा

राहू द्या आता ताई, पोराने शस्त्र खाली ठेवलंय.

२० नोव्हेंबर २०२४ ला आपलं विधानसभेचं मतदान. परवा एका पक्षाचा पोरगा आला होता, म्हणे काका सभेला टोपी आणि मेडल घालून या, गाडी पाठवतो. मी विचारलं, उमेदवार कोण? म्हणाला ते अजून वरून ठरायचंय, पण मेडल तेवढी नक्की घाला. मी सांगितलं, येत्या आठवड्यात मला हयातीचा दाखला द्यायचाय. मागच्या वर्षी मशिनवर अंगठा उमटलाच नाही, चार फेऱ्या झाल्या. त्यासाठी गाडी पाठवत असशील तर पाठव.

अजून फोन आलेला नाही.