सिनेटमध्ये २४-२५ तास बोलून बिल खरंच अडतं का?

चहाबाज:
एप्रिल २०२५ मध्ये ते सिनेटर कोरी बुकर अमेरिकन सिनेटमध्ये २५ तास उभ्याने बोलले ना तेव्हापासून, डोक्यात आहे. हे फिलिबस्टर म्हणजे नुसतं बोलत राहायचं आणि बिल अडतं? मग आपले खासदार का नाही करत, बोलायची हौस तर दांडगी आहे 😀

कोपऱ्यातला:
बुकरचं फिलिबस्टर नव्हतंच, बिल कुठलंच अडवायचं नव्हतं, ट्रम्पविरोधात भाषण होतं. खुर्चीपण काढायला लावली, बसायचा मोहच नको. आधीचा रेकॉर्ड स्ट्रॉम थर्मंडचा, १९५७, २४ तास १८ मिनिटं, कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काच्या बिलाविरुद्ध. बोलला काय, तर एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचत बसला. आणि एवढं करून तो खाली बसल्यावर दोनेक तासांत बिल पास, ६०-१५!

रिकामटेकडी:
@कोपऱ्यातला एकटा माणूस दमतोच हो. पण १९६४ ला नागरी हक्कांच्या बिलाविरुद्ध दक्षिणेतल्या सिनेटरांनी पाळ्या लावून चर्चेचं गुऱ्हाळ ६० दिवस चालवलं, शेवटी ७१-२९ ने चर्चा बंद पाडावी लागली. त्याला क्लोचर म्हणतात, तेव्हा दोन तृतीयांश लागायचे, १९७५ पासून १०० पैकी ६०. आता तर कोणी उभंही राहत नाही, सत्तरच्या दशकात अडलेलं बिल बाजूला ठेवून दुसरं काम चालू ठेवायची सोय झाली त्यामुळे नुसतं 'आमचा विरोध आहे' कळवायचं, बजेटची काही बिलं सोडली तर बाकीच्यांना आणा मग ६० मतं. घसासुद्धा सुकत नाही. मला हेच जास्त डेंजर वाटतं, थर्मंड निदान लोकांना दिसत तरी होता.

अध्यक्ष_महोदय:
लोकसभेत कामकाज सल्लागार समिती वेळ ठरवते, पक्षाच्या संख्याबळाप्रमाणे मिनिटं मिळतात, वर घंटा. म्हणून मग वेलमध्ये उतरून गोंधळ. तरी २९ डिसेंबर २०११ आठवा, राज्यसभेत लोकपाल, १८७ दुरुस्त्या, एकाने मंत्र्यांच्या हातातली प्रत घेऊन फाडली, रात्रीचे १२ वाजले, अधिवेशन संपलं आणि मतदान झालंच नाही. बिल पास व्हायला डिसेंबर २०१३ उजाडला.

चहाबाज:
अरे ही तर आमच्या सोसायटीची मीटिंग! पार्किंगचा विषय शेवटी असतो आणि एक काका दरवेळी मागच्या मिनिट्समधल्या ऱ्हस्व-दीर्घावर पाऊण तास घेतात, तोवर निम्मे लोक जेवायला घरी, कोरम नाही, विषय पुढच्या वेळी. काकांच्या दोन गाड्या आहेत हे सांगायचं राहिलं.