ताज्या बर्फात स्की बुडतात, मदत हवी आहे (ब्रिजर बोल, मोंटाना)

नमस्कार मंडळी,

मी आणि नवरा बोझमनला राहतो आणि गावाजवळच्या ब्रिजर बोलवर स्की करतो. १९५५ पासून ना-नफा तत्त्वावर चालणारा हा गावचा डोंगर आहे, आणि आमचा फार जीव आहे त्याच्यावर. तिथे दोन इंच किंवा जास्त नवा बर्फ पडला की मेन स्ट्रीटवरच्या जुन्या बॅक्स्टर हॉटेलच्या छतावर निळा दिवा लुकलुकतो. काल रात्रीपासून तो लुकलुकतोय. शनिवारपर्यंत अजून फूटभर पडेल असा अंदाज आहे.

अडचण अशी की यंत्राने दाबून ठेवलेल्या उतारावर मला समांतर वळणं व्यवस्थित घेता येतात, पण ताज्या बर्फात काहीच जमत नाही. इथला बर्फ अगदी कोरडा, गावकरी त्याला 'कोल्ड स्मोक' म्हणतात. मुठीत कितीही दाबा, गोळा होत नाही. तांदळाच्या पिठीसारखा निसटतो. वळताना बाहेरच्या पायावर जोर दिला की तीच स्की खोल जाते, दुसरी वर राहते, आणि मी आडवी. उठायला हातातला पोल (काठी) टेकवावा तर तो मुठीपर्यंत आत!

डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवर भेटलेले एक काका म्हणाले, मागे रेलून राहा. तसं केलं की मांड्या लगेच भरून येतात आणि स्की वळतही नाहीत. बरोबर काय? माझ्या स्की मधोमध ७६ मिमी रुंद आहेत, रुंद भाड्याने घ्याव्यात का? आणि अकरापर्यंत मोकळे उतार तुडवून होतात, मग झाडांत गेलं तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

मागे रेलू नका. घोट्यावर सरळ उभं राहा, पाय एरवीपेक्षा जवळ, आणि वजन दोन्ही स्कींवर सारखं. एकीवरच भार आला की ती बुडणारच. वळण हळूहळू, गोल घ्या. थोडा वेग लागतो, त्याशिवाय स्की वर तरंगत नाहीत, म्हणून फार सपाट उतार निवडू नका. १०० मिमीच्या आसपासच्या रुंद स्की जरूर घ्या, फरक लगेच कळतो. उठताना दोन्ही पोल फुलीसारखे बर्फावर आडवे ठेवून फुलीच्या मध्यावर हात टेकवा. स्की निघून हरवली तर पडलात त्या जागेच्या वरच्या बाजूला आधी शोधा.

झाडांबद्दल मात्र कळकळीने सांगतो. सूचिपर्णी झाडाच्या खालच्या फांद्यांमुळे बुंध्याभोवती बर्फ नीट बसत नाही, आत पोकळी राहते. त्यात डोक्यावर पडलं तर भुसभुशीत बर्फ तोंडानाकाशी येतो आणि स्वतःहून बाहेर पडणं जवळपास अशक्य असतं. जोडीदार सतत नजरेच्या टप्प्यात हवा. खाली भेटू, असं ठरवून उपयोग नाही, कारण वर चढून यायला फार वेळ जातो. पोलचे पट्टे मनगटातून काढा, गळ्यात शिट्टी ठेवा. या शनिवारी तरी झाडांत जाऊच नका. श्लासमन्स लिफ्ट आणि वरची रिज (डोंगराची धार) हिमस्खलनाचा ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाला शोधायला संकेत देणारं यंत्र) असल्याशिवाय खुली नाही, तिकडचा विचार सध्या नको.

प्रतिसाद (धागाकर्ती)

मनापासून आभार! फुलीची युक्ती कोणीच सांगितली नव्हती. झाडं रद्द. रुंद स्की उद्या संध्याकाळीच आणते, शनिवारी सकाळी दुकानात काही उरणार नाही. एकच विचारायचं राहिलं: बर्फ पडत असताना उजेड मंद असतो, तेव्हा गॉगलला पिवळी काच बरी की गुलाबी?