धुळ्यातील रंगवलेल्या जुन्या पाट्या: जपाव्यात की उतरवाव्यात?

पायी फिरणारा (धुळे)

गेल्या रविवारी पाचकंदिलापासून आग्रा रोडने चालत निघालो आणि मध्येच एका गल्लीत वळलो. तेथे धाब्याच्या घराखालील एका बंद दुकानावर पत्र्याची पाटी अजून टिकून आहे. निळ्या रंगावर पिवळी अक्षरे, त्यांना तांबडी छाया, आणि मालकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत ‘धुळे, जि. प. खानदेश’, म्हणजे जिल्हा पश्चिम खानदेश. पश्चिम खानदेश जिल्ह्याला धुळे हे नाव १९६० मध्ये मिळाले, म्हणजे ही पाटी बहुधा त्याआधी रंगवलेली असावी. दोन दुकाने सोडून ‘अेजन्सी’ असे लिहिलेले दिसले. सावरकरांनी पुरस्कारलेली अ-ची बाराखडी (‘इ’, ‘ए’ऐवजी ‘अि’, ‘अे’ लिहिण्याची पद्धत) पुस्तकांतून मागे पडली, पण या गल्लीत ती उन्हापावसात उभी आहे. नंदुरबारच्या बाजारात एखाद्या पाटीवर ‘जि. धुळे’ दिसले, तर ती १ जुलै १९९८ पूर्वीची आहे असे धरून चालता येते, कारण त्या दिवशी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला.

माझे म्हणणे असे की या पाट्या म्हणजे बाजाराचे दप्तर आहे. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे यांनी गावोगावच्या माळ्यांवरून आणि पेट्यांतून जुने कागद गोळा केले. त्यांच्या निधनानंतर लगेच, १९२७ मध्ये, त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे राहिले. त्या शहरात दुकानाची जुनी पाटी भंगारात वजनावर विकली जावी, हे मला पटत नाही. ज्यांच्याकडे अशा पाट्या आहेत, त्यांनी त्या दर्शनी भागावरून हलवू नयेत.

आग्रा रोडवरील व्यापारी

आपल्या भावनेचा आदर करून सांगतो, दुकान हे संग्रहालय नव्हे. आमची पाटी माझ्या आजोबांनी रंगवून घेतली होती आणि चार वर्षांपूर्वी मी ती उतरवली. खानदेशचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो. दक्षिणेकडे तोंड असलेल्या पत्र्यावरचा तांबडा रंग काही वर्षांतच फिका पडतो. पुन्हा रंगवायचे तर हात बसलेला पेंटर शोधावा लागतो. मोटारसायकलवरून जाणाऱ्या गिऱ्हाइकाला संध्याकाळी सात वाजता दुकान दिसले पाहिजे, आणि त्यासाठी आतून उजेड असलेली पाटीच लागते. शिवाय दुकानाचे भाडे, वीजबिल आणि कामगारांचा पगार मी भरतो. तेव्हा दर्शनी भागावर काय लावायचे, हे रस्त्याने जाणाऱ्याने ठरवू नये.

मराठीची शिक्षिका (जळगाव)

व्यापारी दादांचा अधिकार मान्य आहे, पण उजेडाबरोबर अक्षरही पाहावे. पेंटर लोक देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ काढत असत, कारण त्यांनी शाळेत तेच गिरवले होते. फ्लेक्स आल्यावर संगणकातील अनेक टंकांमधून हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ आमच्या नवी पेठेत आणि सराफ बाजारात सर्रास दिसू लागले. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वळणाची हीच अक्षरे प्रमाण ठरवली आहेत. पुढे दुकाने व आस्थापना कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी बंधनकारक झाली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. त्या घाईत आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने साठ वर्षांची, मुळातच शुद्ध मराठी असलेली पाटी काढून घाईघाईने छापलेला फ्लेक्स लावला, आणि त्यात दुकानाचेच नाव चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घाने आले. कायद्याला जे हवे होते, ते त्या दारावर आधीपासूनच होते, याचे मला फार वाईट वाटते.

पेंटरचा मुलगा (अमळनेर)

येथे अक्षरांविषयी सगळे बोलत आहेत. ती काढणाऱ्याविषयी कोणीच बोलत नाही. माझे वडील तीस वर्षे पाट्या रंगवत होते. आधी पत्रा घासून त्यावर अस्तर द्यायचे, मग खडू लावलेली दोरी ताणून तिचा फटका मारायचा म्हणजे ओळ उमटे. मोठी अक्षरे रुंद ब्रशने, छाया दुसऱ्या दिवशी, आणि हात थरथरू नये म्हणून डाव्या हातात आडवी काठी. फ्लेक्स आला त्या वर्षी दिवाळीपूर्वीचे काम निम्म्याने कमी झाले, आणि पुढच्या वर्षी ते आलेच नाही. ‘काय सुंदर वळण होते’ असे आज म्हणणाऱ्यांपैकी कोणीही त्या वेळी आमच्या दारात आले नाही. म्हणून मृत पाट्या जपण्याला माझा विरोध आहे. जिवंत हातांना काम द्या. अजूनही काही पेंटर शाळांच्या भिंतींवर पाढे आणि नकाशे रंगवून पोट भरतात.

आणखी एक सूचना मी कळकळीने करतो. पाट्या स्वच्छ करायला निघालेल्यांनी जुना रंग कोरडा खरवडू नये. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम २०१६ चा आहे. त्याआधीच्या अनेक ऑइलपेंटमध्ये शिसे कितीतरी जास्त असे, आणि ती धूळ लहान मुलांना विशेष घातक असते.

पायी फिरणारा (धुळे)

आपण लिहिले ते वाचून मी माझी मागणी बदलतो. पाटी दर्शनी भागावरच राहावी, हा आग्रह मी सोडतो, कारण भाडे भरणाऱ्याला तो सांगण्याचा मला हक्क नाही. पण ‘मृत पाट्या’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. आपल्या वडिलांचे वळण पुढच्या पेंटरला दाखवायचे तर त्यांच्या पाटीशिवाय दुसरे काय दाखवणार? नवीन काम मिळवून देणे आणि जुने काम उतरवताना त्याचे नीट छायाचित्र घेणे, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. आमच्या गल्लीतील एका किराणा दुकानाची पाटी या दिवाळीला हातानेच रंगवून घ्यावी, असे मी मालकांशी बोललो आहे. त्यांनी अद्याप होकार दिलेला नाही.

आग्रा रोडवरील व्यापारी

आजोबांची पाटी मी भंगारात दिलेली नाही. ती गोदामाच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली आहे. सहा फूट लांब आहे आणि उजव्या कोपऱ्यात पेंटरची सही आहे, ती मात्र मला नीट वाचता येत नाही. दुकानाबाहेर ती पुन्हा लागणार नाही, हे माझे मत कायम आहे. अमळनेरच्या भाऊंना ती सही ओळखता येत असेल, तर त्यांनी सोमवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी यावे. मी शिडी काढून ठेवतो.