सेंट्रल सल्कस (मेंदूवरची मधली घळ) ओळखायची खात्रीची खूण सांगा, सोमवारी स्पॉटर (पिन लावलेला भाग ओळखायची परीक्षा) आहे

शिकाऊ७: पहिलं वर्ष. मेंदूवर पिन टोचून ठेवतात आणि दर वेळी माझं चुकतं. पुस्तकातल्या चित्रात घळ ठळक काढलेली असते, आमच्या ट्रेमध्ये सगळ्या सारख्याच. आज जिला सेंट्रल म्हटलं ती तिच्या पुढची, प्रीसेंट्रल निघाली. उद्या दुपारपर्यंतच हॉल उघडा आहे, लवकर सांगा.

वळणवाट: एमबीबीएस की फिजिओ? मेंदू अख्खा की अर्धा? वरचं आवरण काढलंय का?

शिकाऊ७: एमबीबीएस. अर्धा. आवरण म्हणजे?

उत्तररात्र: तिथंच घोडं अडलंय बघ. मेंदूला चिकटलेला पातळ पडदा, पाया मेटर, प्रत्येक घळीत उतरतो, पण त्याच्यावरचं आवरण, अरॅक्नॉइड, वरच्यावर पलीकडे जातं. ते आणि रक्तवाहिन्या तशाच असतील तर घळींची तोंडं झाकलेली राहतात. सरांना विचारून चिमट्यानं तो पापुद्रा सोल. मग वरच्या कडेपासून सुरुवात कर. पुढचं आणि मागचं टोक यांच्या मध्यापासून साधारण १ सेंमी मागे जी घळ कड ओलांडून आतल्या बाजूला उतरते, ती सेंट्रल. तिथून खाली आणि पुढे तिरकी येते, बहुधा न तुटता. बाजूची मोठी घळ असते, लॅटरल सल्कस, तिच्या जरा वर थांबते. प्रीसेंट्रल बरेचदा मध्येच तुटलेली असते.

फिल्मवाचक: एवढं कशाला? हात हलवणारा भाग मागे फुगलेला असतो, त्यामुळे घळीला ओमेगासारखं वळण येतं. एमआरआयवर मी रोज तेच बघतो.

उत्तररात्र: ती आडव्या छेदातली खूण झाली, दादा. तिच्यापुढे ट्रे आहे. तो फुगवटा बराचसा घळीच्या आत दडलेला असतो. कॉर्टेक्सचा, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थराचा, जवळपास दोन तृतीयांश भाग आतच असतो, वरून काय दिसणार?

फिल्मवाचक: घळ बोटानं अलगद उघडली तर दिसतो. पुढे हेच फिल्मवर वाचायचंय, आत्ताच नजर बसू दे.

गवतीचहा: वडिलांच्या रिपोर्टमध्ये 'सल्काय प्रॉमिनंट' लिहिलंय. वय ७४. काळजीचं आहे का?

फिल्मवाचक: सल्काय म्हणजे घळी. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि घळी रुंद दिसतात. पण नुसत्या या ओळीवरून काही ठरवू नका. ज्यांनी एमआरआय करायला सांगितला त्यांना दाखवा. विसरणं वाढलंय का, चालताना तोल जातो का, तेही त्यांना सांगा.

रानजाई: ह्यूमरसवरची, म्हणजे दंडाच्या हाडावरची, रेडियल ग्रूव्ह (खाच) नक्की करून जा. हाड मधोमध मोडलं की तिथली नर्व्ह दुखावते आणि मनगट लोंबतं. माझ्या बहिणीचं तसंच झालं होतं, कित्येक महिने तिला साधा पेला उचलता येत नव्हता.

शिकाऊ७: हाडं मागच्या महिन्यात झाली ताई.

शिकाऊ७: सोललं! दुधी पापुद्रा निघाल्यावर घळ एकदम खोल दिसली, दोन्ही बाजूंना दोन समांतर वळ्या. पण शेजारच्या ट्रेमध्ये दोन घळी कडेपर्यंत गेल्यात. त्यातली कुठली?

वळणवाट: तो अर्धा मेंदू उलटा कर. आतल्या बाजूला कॉर्पस कॅलोसमच्या (दोन अर्ध्यांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या) वरून सिंग्युलेट सल्कस ही घळ मागे जाते आणि तिची एक शाखा वळून कडेपर्यंत चढते. त्या शाखेच्या लगेच पुढे कडेवर जी छोटी खाच दिसेल, तिच्यावर बोट ठेव आणि बोट न उचलता मेंदू पुन्हा सुलटा कर.

शिकाऊ७: मागची निघाली. मी पुढची धरून बसले होते.