घरच्या फोनची खरखर : तुमच्याकडे दोष नेमका कुठे सापडला?

आमच्या लाइनवरच्या खरखरीचे मूळ शोधायला मला पाच महिने लागले आणि शेवटी निघालेला दोष खुर्चीत बसल्या जागी सापडण्यासारखा होता. मी बोलू लागलो की खरखर होई आणि आई बोलू लागली की लाइन स्वच्छ असे. तक्रारीनंतर दोनदा आलेल्या लाइनमनने लाइन ठीक असल्याचे सांगितले, तेव्हा तो काम टाळतो आहे असे मी खुशाल ठरवून टाकले. प्रत्यक्षात रिसीव्हरला जोडलेली पीळदार वायर तोंडाशी आतल्या आत तुटत आली होती. आई रिसीव्हर उजव्या हातात धरते, मी डावखुरा आहे. माझ्या हातात वायरला उलटा पीळ बसे आणि तुटके टोक सुटे होई. एके दिवशी बोलता बोलता सहज ती जागा दोन बोटांत धरून वाकवली, तर प्रत्येक वाकवण्याबरोबर कानात कडकड आवाज झाला. वायर बदलली आणि प्रश्न मिटला.

आपापले अनुभव लिहावेत ही विनंती. आवाज कसा होता, कोणत्या वेळी येत असे, काय काय तपासले आणि दोष कुठे निघाला, हे क्रमाने आले तर दुसऱ्याला त्याचा उपयोग होईल. ‘यंत्र बदलले आणि थांबले’ एवढ्यावर कृपया थांबू नये.

*

आमच्याकडे खरखर पावसाशी बांधलेली होती, मात्र पाऊस पडताच ती येत नसे. सर थांबून दोन-तीन तास झाले की सुरू होई आणि कडक ऊन पडले तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिके. त्यामुळे ‘पावसामुळे’ असे कोणी म्हटले की घरातलेच त्याला खोडून काढत. मी दिनदर्शिकेवर पावसाच्या दिवशी टिंब आणि खरखरीच्या दिवशी फुली करू लागलो, तेव्हा दोन महिन्यांत चित्र उघड झाले. तो कागद दाखवल्यावर लाइनमनने घरात पाऊलही न टाकता सरळ शिडी मागवली. खांबावरून येणारी तार छपराच्या कडेखाली जिथे घरातल्या वायरला जोडली होती, तिथे चिकटपट्टी गुंडाळलेला एक जोड होता. पट्टी सोडवल्यावर आतून तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघाली. पट्टीच्या आत पाणी सावकाश झिरपत होते आणि तितक्याच सावकाश सुकत होते, म्हणून आवाजाला उशीर होत असे.

लाइनमनने सांगितलेली एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली आहे. फोन ठेवलेला असतानाही तारांच्या जोडीत एक्सचेंजमधून साधारण ४८ व्होल्टचा एकदिश दाब कायम असतो. जोडात ओल शिरली की त्या दाबाखाली दोन तारांमध्ये थोडा थोडा प्रवाह वाहत राहतो आणि धन बाजूचे तांबे हळूहळू खाल्ले जाते. म्हणजे आपण फोन वापरत नसलो तरी जोड कुजतच असतो.

*

मी आयुष्यभर लाइन तपासण्याचेच काम केले असल्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. लाइनमन येतो तेव्हा खरखर गायब आणि त्याची पाठ वळताच हजर, ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे आणि ती बहुतेक वेळा खरी असते. जोडाच्या तांब्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसलेला असला की बोलण्याचा क्षीण प्रवाह त्यातून अडखळत जातो आणि तीच खरखर ऐकू येते. घंटी वाजवण्यासाठी मात्र लाइनवर ७५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त प्रत्यावर्ती दाब सोडला जातो. तो त्या थराला भेदून जातो आणि पुढे काही मिनिटे, कधी काही तास जोड ठीक वागतो. आता पाहा, तक्रार आल्यावर आम्ही पहिले काम कोणते करत होतो? ग्राहकाला फोन करून ‘आता आवाज कसा येतो?’ असे विचारत होतो. त्या घंटीनेच दोष तात्पुरता दुरुस्त झालेला असे आणि ग्राहकाला ‘आता बरा येतो’ असे नाइलाजाने म्हणावे लागे.

म्हणून खरखर तपासायची तर आलेल्या फोनवर तपासू नये. बराच वेळ घंटी वाजलेली नसताना स्वतः रिसीव्हर उचलावा, कोणताही एक अंक दाबावा, म्हणजे डायल टोन थांबेल, आणि पुढची काही सेकंदे कान देऊन ऐकावे. त्या शांततेत बारीकशी खरखरही स्पष्ट कळते. बोलण्याच्या आवाजाखाली ती दबून जाते. हीच चाचणी नंतर घरातली सर्व पॅरलल यंत्रे, मोडेम, आन्सरिंग मशीन काढून, खात्रीचे एकच साधे यंत्र लाइन घरात शिरते त्या पहिल्या पेटीवर जोडून करावी. तिथे शांतता असेल तर दोष तुमच्या भिंतींमध्ये आहे, आणि तिथेही खरखर असेल तर तो बाहेर आहे. आकाशात विजा चमकत असताना यातले काहीही करू नये, आणि उघड्या टोकांना बोट लावू नये, कारण नेमकी त्याच वेळी घंटी आली तर चांगला झटका बसतो.

आवाजाला नाव नीट द्यावे, हीही विनंती. ‘फोन खराब आहे’ या वाक्यातून आम्हाला काहीच कळत नसे. तुटक कडकड किंवा खरखर म्हणजे बहुधा सैल वा गंजलेला जोड. सतत ‘घूंऽऽ’ असा घुमणारा आवाज म्हणजे वेगळेच प्रकरण. फोनच्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या विजेच्या तारेचा परिणाम दोघींवर सारखाच होतो आणि यंत्रात तो वजा होऊन जातो. त्यांतली एक तार कुठे जमिनीला टेकत असेल किंवा एकीचाच जोड कच्चा असेल तर तोल जातो आणि विजेची घुमघुम कानावर येते. ग्राहकाने ‘घूं’ म्हटले की मी आधी ओल लागलेली भिंत शोधत असे.

*

आमच्या फोनमध्ये खरखरीच्या मागे चक्क आकाशवाणी लागत असे. माझ्या आत्याला वाटे की पलीकडच्या माणसाच्या घरात रेडिओ चालू आहे, आणि ‘जरा तो रेडिओ बंद करा’ असे ती प्रत्येकाला बजावत असे. प्रक्षेपण केंद्राचा मनोरा आमच्या घराच्या अगदी जवळ होता. गंजलेला जोड डायोडसारखा वागू शकतो, म्हणजे प्रवाह एका दिशेने सहज आणि दुसऱ्या दिशेने कष्टाने जाऊ देतो, आणि मध्यम लहरींवरचे कार्यक्रम त्यातून ऐकू येण्याजोगे होतात, हे मला नंतर समजले. बाहेरचा जोड नवा केल्यावर खरखर आणि बातम्या दोन्ही एकदमच गेल्या.

*

तांब्याच्या त्याच तारेवरून ब्रॉडबँड घेतले त्या दिवसापासून आम्हाला तापलेल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत असा सततचा चरचर आवाज येऊ लागला. बोलण्यासाठी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढीच पट्टी वापरली जाते आणि ब्रॉडबँडचे संकेत त्याच्या कितीतरी वर असतात. दोन्ही वेगळे ठेवायचे तर प्रत्येक यंत्राच्या आधी फिल्टर हवा. खालच्या दोन्ही यंत्रांना आम्ही तो लावला होता आणि माळ्यावरच्या खोलीतल्या, वर्षानुवर्षे कोणी न उचललेल्या तिसऱ्या यंत्राला विसरलो होतो. तेवढे एक यंत्र काढताच चरचर थांबली.

तरीही फोनची घंटी वाजली की इंटरनेट तुटत असे, आणि तो मात्र निराळा दोष निघाला. जिन्याखालच्या पेटीत एक स्क्रू सैल होता. घंटीच्या वेळी इंटरनेट तुटत असेल तर खरखर अजून ऐकू येत नसली तरी जोड तपासून घ्यावेत, असे माझे मत झाले आहे.

*

आमचा आवाज खरखर नव्हता. सेकंदा-सव्वा सेकंदाला एक ‘टक्’ एवढाच तो होता, आणि इतका नियमित की त्यावर घड्याळ लावावे. शेजारच्या शेताला जनावरांसाठी विजेचे कुंपण घातले होते आणि आमची तार बऱ्याच अंतरापर्यंत त्याला समांतर जात होती. शेजाऱ्यांनी विनंतीवरून पाच मिनिटे कुंपण बंद केले आणि टक्टक थांबली, तेव्हा खात्री पटली. कुंपणाला टेकलेले गवत त्यांनी कापले, आमच्या बाजूचा एक कच्चा जोड बदलला गेला आणि आवाज जवळजवळ नाहीसा झाला. दोघांचाही थोडा थोडा दोष असल्यामुळे भांडण टळले.

*

माझे आजोबा खरखर आली की रिसीव्हर टेबलावर दोनदा आपटत असत आणि ती खरोखरच कमी होई. जुन्या यंत्रांच्या मायक्रोफोनमध्ये कोळशाचे बारीक कण असत. ते ओलीने किंवा नुसते पडून राहिल्याने घट्ट बसत आणि आपटल्यावर मोकळे होत. पुढे घरात नव्या पद्धतीचे यंत्र आले तरी आजोबांनी आपटणे सोडले नाही. त्यात कोळसा नव्हता, त्यामुळे उपयोग झाला नाही आणि दुसऱ्याच महिन्यात कानाकडचा भाग सुटा झाला.

*

आमची खरखर दोन वर्षांत तीनदा ‘दुरुस्त’ झाली आणि तिन्ही वेळा दुरुस्ती म्हणजे केबलमधली जोडी बदलून देणे एवढेच होते. पहिली जोडी आठ महिने चालली, दुसरी तीन महिने आणि तिसरी जेमतेम महिनाभर. जुन्या केबलमध्ये रिकाम्या राहिलेल्या जोड्या बहुधा कोणीतरी आधी टाकून दिलेल्याच असतात, असा माझा संशय आहे. केबलच बदलावी असा अर्ज देऊन ठेवला आहे आणि तूर्त कॉर्डलेस यंत्रावर काम चालवतो आहे.

*

केबल बदलण्याचा अर्ज देणाऱ्यांना विचारावेसे वाटते : पहिल्या पेटीवर साधे यंत्र जोडून ऐकले होते का? कॉर्डलेस यंत्रावर खरखर तपासण्यात अर्थ नाही, कारण ती लाइनमधून आली की हवेतून हे कळत नाही. जोडी बदलताना पेटीतली टोके सोडवून पुन्हा कसावी लागतात, आणि तेवढ्यानेही दुसरीकडचा दोष काही काळ झाकला जातो.

*

वरील प्रश्न माझ्यासाठी होता. खरे सांगायचे तर तपासले नव्हते. दोष बाहेरच असणार असे मी धरून चाललो होतो. आज सकाळी शेजाऱ्यांचे साधे यंत्र आणून पहिल्या पेटीवर जोडले, ६ हा अंक दाबला आणि ऐकले, तर पूर्ण शांतता होती. घरातल्या शाखा एकेक करून परत जोडत गेलो, तेव्हा कपाटामागच्या पेटीची शाखा जोडताच खरखर सुरू झाली. कपाट सरकवून झाकण उघडले, तर आत मुंग्यांनी ओल्या मातीचे घर केले होते आणि ते दोन्ही स्क्रूंच्या मधोमध पसरले होते. ती शाखा सध्या तोडून ठेवली आहे. अर्ज मागे घ्यायला उद्या जाईन.