इंग्रजी प्रिपोझिशन : वाक्याचे साचे घोटून घ्यावेत का?

मूळ प्रस्ताव
मराठी माध्यमाच्या शाळेत मी सातवीला इंग्रजी शिकवते. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे, तरीही मुले ‘द बॉल इज टेबल अंडर’ असे लिहितात आणि त्यात मला त्यांचा आळस नव्हे, त्यांची मराठी दिसते. आपले शब्दयोगी अव्यय नामाच्या सामान्यरूपाला शेवटी जोडून येते, जसे ‘टेबलाखाली’. इंग्रजीत तेच काम करणारा शब्द, म्हणजे प्रिपोझिशन, नामाच्या आधी आणि सुटा येतो. हा उलटा क्रम जिभेवर बसेपर्यंत, हातात वस्तू देऊन, रोज दहा मिनिटे वाक्याचा ठरावीक साचा मुलांकडून म्हणवून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद
मॅडम, क्रमाची चूक अशा सरावाने जाते, हे मलाही मान्य आहे. खरी अडचण निवडीची आहे, आणि तिथे साचा काहीच सांगत नाही. आपला एकच ‘वर’ पाहा : पुस्तक टेबलावर असेल तर ‘ऑन’, पंखा डोक्यावर फिरत असेल तर ‘ओव्हर’, स्टेशनवर भेटायचे असेल तर ‘ॲट’, आणि आई माझ्यावर रागावली असेल तर ‘विथ’. साचा पाठ असलेला मुलगा ‘मदर इज अँग्री ऑन मी’ हे चुकीचे वाक्य अगदी अचूक क्रमाने लिहितो. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत बंगलोर प्रकल्प चालवला, तेव्हा साचे घोटण्याऐवजी मुलांपुढे नकाशे आणि वेळापत्रके यांवरची कामे ठेवली. गाडी कुठून आणि किती वाजता सुटते हे सांगायचे म्हटले, की ‘फ्रॉम’ आणि ‘ॲट’ गरजेपोटीच तोंडी येतात.

मूळ लेखिका
सर, ‘अँग्री ऑन’ची चूक माझ्याही वर्गात होते. त्यावरचा उपाय मात्र मला साच्यातच दिसतो; फक्त तो क्रियापदापासून बांधायला हवा. ‘त्याने पुस्तक ठेवले’ हे मराठीत पूर्ण वाक्य आहे, पण ‘ही पुट द बुक’ हे अर्धवट राहते, कारण ‘पुट’ला जागा सांगावीच लागते. गेल्या आठवड्यात एका मुलीने फळ्यावर ‘शी पुट द बॅग’ एवढेच लिहून खडू खाली ठेवला. मी ‘व्हेअर?’ असे विचारले, तेव्हा तिने वळून आपल्या दप्तराकडे पाहिले आणि पुढे ‘अंडर द बेंच’ लिहिले.

आणखी एक प्रतिसाद
ताई, क्रियापदापासून साचा बांधणार असाल, तर प्रिपोझिशन न घेणारी क्रियापदेही त्यात घ्या. आपण ‘विषयावर चर्चा’ करतो, म्हणून मुले ‘डिस्कस ऑन द टॉपिक’ लिहितात, आणि साच्याच्या सरावाने ही सवय उलट पक्की होते.

पहिले प्रतिसादक
मॅडम, त्या मुलीला साचा आधीपासून पाठ असणार, कारण आपण तो रोज म्हणून घेता. तरी तिने वाक्य पूर्ण केले ते आपण विचारल्यावर, आणि दप्तर कुठे आहे हे तिने वळून पाहिल्यावर.