मदत हवी आहे: संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक नेमणुकीसाठी कार्यालय सोडत नाही

गट_ब
संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात (यूएनव्ही) निवड झाली आहे, ऑफर हातात आहे. एनओसी मागितली तर आस्थापना शाखा म्हणते, स्वयंसेवक म्हणजे नोकरी नव्हे, सबब प्रतिनियुक्तीत बसत नाही, असाधारण रजा टाका आणि जा. साहेबांनी फाईलवर ‘नियम दाखवा’ एवढंच लिहून परत पाठवली. रजा टाकून गेलं तर चालेल का? नियम क्रमांकासकट सांगा, वेळ फार कमी आहे. पासपोर्ट आहे.

कार्यासन_बारा
तुमच्या नेमणुकीला प्रतिनियुक्ती नाही, स्वीयेतर सेवा (फॉरेन सर्व्हिस) म्हणतात. 1981 च्या महाराष्ट्र नागरी सेवा नियमांच्या संचात पदग्रहण अवधी आणि स्वीयेतर सेवेचे नियम एकाच पुस्तकात आहेत, ते काढा. प्रस्ताव कार्यालयप्रमुखांमार्फत प्रशासकीय विभागाकडे जाईल. सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत आणि मत्ता व दायित्वाचं विवरण सोबत लावा, नाहीतर पहिल्याच टेबलावरून त्रुटी काढून परत येईल.

मृण्मयी_क
बारा, ते राज्याचे आहेत हे कुठे लिहिलंय?
गट_ब, एवढं सांगा: केंद्र की राज्य? नोकरीला कधी लागलात, 2004 च्या आधी की नंतर? पदावर कायम झालात का? नेमणूक किती महिन्यांची आणि कुठे? विभागीय चौकशी, प्रशिक्षणाचा बॉन्ड वगैरे काही? अर्ज कार्यालयामार्फत केला होता की थेट? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

राजाभाऊ
एवढं खोलात कशाला जाता? असाधारण रजा हाच जवळचा रस्ता. गेलेले सगळे असेच गेलेत. स्वीयेतर सेवेची नस्ती मंत्रालयात गेली की ऑफरची मुदत टळून जाईल.

टिपणीबहाद्दर
राजाभाऊ, कृपा करून असले सल्ले देऊ नका. केंद्राचे असतील तर रजा नियम 1972 मधला नियम 13 वाचा: रजेवर असताना पूर्वपरवानगीशिवाय दुसरीकडे सेवा किंवा काम स्वीकारता येत नाही. रजा मंजूर झाली म्हणजे तिकडे काम करायची परवानगी मिळाली असं होत नाही. आचरण नियम 15 (खासगी नोकरी-धंद्याबाबतचा) वेगळाच मागे लागतो.
शिवाय वैद्यकीय प्रमाणपत्राशिवायची असाधारण रजा, काही अपवाद सोडले तर, वेतनवाढीला धरत नाहीत आणि जुन्या पेन्शनवाल्यांच्या अर्हताकारी (पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या) सेवेतही मोजत नाहीत. नव्या पेन्शन योजनेतल्या म्हणजे एनपीएसवाल्यांचा पगारच नाही म्हटल्यावर त्यांचे 10 टक्के जात नाहीत आणि सरकारचे 14 टक्केही येत नाहीत.

राजाभाऊ
मग रजेच्या आदेशातच नियम 13 ची परवानगी मागायची. एका कागदात दोन्ही कामं.

टिपणीबहाद्दर
मागता येते, मी नाही म्हणत नाही. पण वेतनवाढ आणि पेन्शनचं नुकसान त्याने भरून येत नाही. आणि सहीचा अधिकारी शेवटी तोच लागणार असेल तर पूर्ण आदेशच घ्यावा की.

जुनापेन्शनर
स्वीयेतर सेवेत पेन्शन अंशदान वेळेवर भरा. आर्थिक वर्ष संपल्यापासून 15 दिवसांत, म्हणजे 15 एप्रिलपर्यंत. उशीर झाला तर पूरक नियम 307 प्रमाणे दर शंभर रुपयांना रोज 2 पैसे व्याज. वर्षाला 7.3 टक्के पडतं, किरकोळ समजू नका.

गट_ब
केंद्र. 2011 ला लागलो, कायम आहे. 12 महिने, पुढे वाढू शकते. आफ्रिका. चौकशी नाही. अर्ज थेट केला होता, पोर्टलवर कार्यालयामार्फत करायची सोयच नाही.
पण माझा प्रश्न तोच आहे, स्वयंसेवक ही ‘सेवा’ धरतात की नाही?

मृण्मयी_क
2011 म्हणजे एनपीएस, त्यामुळे 307 चा हिशेब तुम्हाला नको.
आता मूळ मुद्दा. मूलभूत नियम 9(7) मध्ये फॉरेन सर्व्हिसची व्याख्या आहे: ज्या सेवेत सरकारच्या मंजुरीने वेतन संचित निधीखेरीज दुसरीकडून मिळतं ती. तिथे पदनाम काय आहे याला महत्त्व नाही. यूएनव्हीच्या ऑफरमध्ये मासिक निर्वाह भत्ता, कराराचा कालावधी, रजा आणि विमा हे सगळं लिहिलेलं असतं. त्याची प्रत लावा आणि टिपणीत हेच मांडा. भत्त्याला वेतन धरायचं की नाही हे ठरवणारे सक्षम प्राधिकारी आहेत, आस्थापनेचा डीलिंग हॅण्ड (फाईल हाताळणारा कर्मचारी) नाही. त्याला तेवढंच मत फाईलवर लिहून वर पाठवायला सांगा. तोंडी नकारावर अपील कुठे करणार?

टिपणीबहाद्दर
+1. अर्जात ‘एनओसी मिळावी’ लिहू नका. त्या एका शब्दाने फाईल पासपोर्टच्या एनओसीच्या रांगेत जाऊन बसते. असं लिहा: ‘मूलभूत नियमांतील प्रकरण बारानुसार अमुक ते अमुक कालावधीसाठी फॉरेन सर्व्हिसवर जाण्यास मंजुरी द्यावी व अटी-शर्ती ठरवून द्याव्यात, ही बाब मान्य नसल्यास, पर्यायाने, नियम 13 च्या परवानगीसह असाधारण रजा मंजूर करावी.’ राजाभाऊंचा मुद्दा शेवटी घेतलाय, खूश व्हा. मूलभूत नियम 110 प्रमाणे इच्छेविरुद्ध पाठवता येत नाही म्हणून स्वतःची लेखी संमतीही जोडा.

राजाभाऊ
पर्याय म्हणून का होईना.

दक्षता_कक्ष
अर्जासोबतचा गठ्ठा कुणी सांगितला नाही. दक्षता प्रमाणपत्र, सचोटी प्रमाणपत्र, मागच्या 10 वर्षांतल्या शिक्षांचं विवरण (शिक्षा नसेल तर ‘निरंक’ असं लिहून), कॅडर क्लिअरन्स (संवर्ग सांभाळणाऱ्या विभागाची संमती), आणि 5 वर्षांच्या एपीएआरच्या (वार्षिक कामगिरी अहवालांच्या) प्रती. प्रत्येक पानावर अवर सचिव दर्जाच्या अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही, शिक्का आणि नाव. फक्त शेवटच्या पानावर सही असलेला संच हमखास परत येतो. एखाद्या वर्षाचा एपीएआर लिहिलाच गेला नसेल तर ‘अहवाल नाही’ असं प्रमाणपत्र आधीच घ्या.
आणि स्थावर मालमत्तेचं विवरण. दर वर्षी 31 जानेवारीपर्यंत. एक वर्ष राहिलं असेल तरी दक्षता अडवते. स्पॅरोवर (त्यासाठीच्या सरकारी पोर्टलवर) भरलंय का ते आजच बघा.

सीमापार
परदेशी संस्था तिकीट आणि राहण्याचा खर्च देणार, म्हणजे परदेशी निधी-पाहुणचाराच्या कायद्याखालचा (एफसीआरए) एफसी-2 अर्ज गृह मंत्रालयाकडे करावा लागेल. हे कुणीच सांगत नाही.

दक्षता_कक्ष
सांगत नाही कारण लागत नाही. 2010 च्या कायद्यातल्या ‘परदेशी स्रोता’च्या व्याख्येतून संयुक्त राष्ट्रं, त्यांच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि नाणेनिधी वगळलेले आहेत. एखाद्या परदेशी स्वयंसेवी संस्थेकडून जात असते तर तुमचं बरोबर होतं.

स्पर्धापरीक्षा_वीर
परदेशात सरकारी नोकरीसाठी यूपीएससीतून आयएफएस घ्या. खुल्या वर्गाला 32 वर्षांपर्यंत 6 संधी.

मृण्मयी_क
2011 ला नोकरीला लागलेल्या माणसाला 32 वर्षांची मर्यादा सांगताय तुम्ही.

सीमापार
बरं, पासपोर्ट कुठला आहे? पांढरा करून घ्या.

दक्षता_कक्ष
पांढरा सरकारने सरकारी कामावर पाठवलेल्यांना. इथे निळाच चालेल. मुदत किती उरलीय आणि कोरी पानं किती, ते बघा. नव्याने काढायची वेळ आली तर अ‍ॅनेक्श्चर एच, म्हणजे पूर्वसूचना पत्र, पुरतं. अ‍ॅनेक्श्चर जी म्हणजे एनओसी, तिची वाट बघत बसू नका.

लसटोचक
देश कुठला ते अजून सांगितलं नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांना पिवळ्या तापाची लस लागते, आणि परत येताना आपल्याकडेही विमानतळावर कार्ड मागतात; नसलं तर विलगीकरणात बसवतात. लस फक्त अधिकृत केंद्रांवर मिळते. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि द्रावण तयार केलं की 6 तासांत संपवावं लागतं, म्हणून केंद्रं ठरावीक वारी माणसं जमवूनच कुपी फोडतात. तारीख आजच धरा. प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं, मग जन्मभर चालतं. कार्डावरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर त्याच दिवशी किंवा 4 आठवड्यांच्या अंतराने.

हिशेबनीस
आदेशाचा मसुदा येईल तेव्हा तीन ओळी शोधा. एनपीएसचे 10 आणि 14 टक्के कोण भरणार, कुठल्या मूळ वेतनावर, आणि भरणा पीएओकडे (वेतन व लेखा कार्यालयाकडे) कसा जाणार. संयुक्त राष्ट्रांचा पेन्शन फंड कर्मचाऱ्यांसाठी आहे, स्वयंसेवकांसाठी नाही, त्यामुळे तिकडून काही येईल ही आशा नको. बहुधा दोन्ही वाटे तुम्हालाच भरावे लागतील. यूपीएस (एकीकृत पेन्शन योजना) निवडलं असेल तर सरकारचा वाटा 18.5 टक्के, हिशेब बदलतो. गट विम्याची वर्गणी चालू ठेवायची की कशी, हेही लिहून घ्या. ‘अटी नंतर कळवण्यात येतील’ अशा आदेशावर कार्यमुक्त होऊ नका.
जीवन विम्याच्या पॉलिसीत युद्धक्षेत्राचं कलम आहे का तेही बघा.

गट_ब
विवरण भरलेलं आहे. टिपणीबहाद्दर यांनी दिलेल्या शब्दांत अर्ज आज दिला, आवक क्रमांक घेतला. आस्थापना आता म्हणते, थेट अर्ज का केला त्याचा खुलासा द्या.

मृण्मयी_क
द्या, चार ओळींचा. पोर्टलवर उमेदवाराने स्वतःच नोंदणी करायची असते हे लिहा, नोंदणीच्या पानाची छापील प्रत लावा, आणि मंजुरीशिवाय करारावर सही केलेली नाही हे स्पष्ट नोंदवा. केलेली नाही ना?

राजाभाऊ
आणि यूएनव्हीला आजच मेल टाका की सरकारी मंजुरी प्रक्रियेत आहे, रुजू व्हायची तारीख पुढे करून मिळेल का. विचारलं नाही तर ते तुम्ही नकार दिला असं समजतील.

लसटोचक
देश?

हिशेबनीस
ठिकाणाचा दर्जाही (तिथलं राहणं किती खडतर त्याची श्रेणी) सांगा. डी किंवा ई असेल तर निर्वाह भत्त्यावर जादा रक्कम मिळते, आणि कुटुंब न्यायला मनाई असलेलं ठिकाण असेल तर क्वार्टरचा प्रश्न वेगळा सोडवावा लागेल.

गट_ब
सही नाही केली. मेल टाकतो. बाकी संध्याकाळी लिहितो, डीलिंग हॅण्डने बोलावलंय.